कँडलचा फिल्टर: आठ महिन्यांनंतर

वीज लागत नाही म्हणून दोन डब्यांचा सिरॅमिक कँडलवाला फिल्टर घेतला. सुरुवातीला तक्रार एकच, वेग. गढूळ पाणी आलं की कँडलवर चिकट थर बसायचा आणि रात्रभरात खालचा डबा अर्धाही भरायचा नाही. आता पाणी आधी बादलीत निवळू देतो, चारपदरी सुती फडक्यातून गाळतो, मगच वर ओततो. कँडल धुताना फक्त मऊ ब्रश आणि पाणी. साबण लावून पाहिला होता एकदा. आठवडाभर पाण्याला वास!

पाचव्या महिन्यात पाणी अचानक भराभर उतरायला लागलं. मी खूश. मग धाकट्याला जुलाब लागले तेव्हा कुठे कँडल काढून उजेडात धरली. बुडाशी, प्लास्टिकच्या टोपीला चिकटवलेली असते तिथे, केसाएवढी चीर. पाणी गाळलं जातच नव्हतं, चिरेतून ओघळत होतं. जुलाब त्यानेच झाले असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण वेग वाढला तर आनंद मानू नका, आधी कँडल बघा.

नवी कँडल बसवून पाणी तपासायच्या दोन बाटल्या आणल्या, दूषित पाण्याने काळ्या पडतात त्या. फिल्टरच्या तोटीखाली भरलेली तशीच राहिली. तेच पाणी आम्ही पातेल्यात काढून ठेवायचो, तिथली दुसऱ्या दिवशी काळी! पातेल्यात दिवसभर पेला बुडत होता, पेल्याबरोबर बोटंही.

पातेलं बाद केलं. आता साठा अरुंद तोंडाच्या, तोटीच्या कॅनमध्ये. हात आत जाऊच शकत नाही. त्यात लेबलवरच्या मापाने क्लोरीनचं द्रावण टाकून ३० मिनिटं थांबतो. कँडल जिवाणू अडवते, पण विषाणू इतके बारीक की निसटू शकतात. ते क्लोरीन मारतं. उलट क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब घडवणारा एक सूक्ष्म परजीवी) क्लोरीनला दाद देत नाही, ते कँडलमध्ये अडकतं. क्लोरीन गाळल्यानंतरच टाकायचं. गढूळ पाण्यात ते गाळावरच खर्ची पडतं, आणि कँडलमध्ये कोळसा असेल तर तो उरलंसुरलं शोषून घेतो. थोडं क्लोरीन पाण्यात शिल्लक राहायला हवं, लिटरला ०.२ ते ०.५ मिलीग्रॅम, म्हणजे नंतर काही शिरलं तरी पाणी टिकतं. वास येतो, चार दिवसांत सवय झाली.

फ्लोराइड, आर्सेनिक, खारेपणा यांना हा फिल्टर हात लावत नाही, त्यासाठी घेऊ नका.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो तोटीसाठी. आत बुळबुळीत थर धरतो आणि ती खोलायला पाना लागतो. बारीक ब्रश सोबत येत नाही, वेगळा घ्या.