राणीच्या बागेत पक्षीनिरीक्षण : तिकीट पेंग्विनचे, पैसे वसूल झाडांवर

भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजेच वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, आजकाल बहुतेक मंडळी पेंग्विन पाहण्यासाठी येतात; परंतु पक्षीनिरीक्षणाची आवड असणाऱ्याने आत शिरल्यावर पिंजऱ्यांकडे वळण्याआधी मान वर करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. १८६२ साली खुल्या झालेल्या या बागेतील जुनी झाडे हीच तिची खरी मिळकत आहे.

वड, पिंपळ किंवा उंबर फळांवर आला असेल, तर त्याच्याखाली थांबावे. तिथे तांबट, म्हणजे भांडे ठोकल्यासारखा ‘टुक-टुक’ ओरडणारा छोटा हिरवा पक्षी, हमखास ऐकू येतो, दिसायला मात्र वेळ लागतो, कारण तो ओरडताना मान सारखी इकडून तिकडे वळवतो आणि त्यामुळे आवाजाची दिशाच लागत नाही. एकदा सापडला की दुर्बिणीतून नीट पाहावे : चोच मिटलेली असते आणि प्रत्येक ठोक्यासरशी पिवळा गळा फुगतो. नशीब चांगले असेल तर मोठ्या बाकदार चोचीचा राखी धनेशही दिसतो. चोचीच्या टोकात धरलेले फळ हलकेच उडवून थेट घशात झेलण्याची त्याची रीत पाहण्यासारखी असते. अंडी घालण्यासाठी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला फटीतून भरवतो. अशा ढोल्या जुन्या झाडांनाच असतात, त्यामुळे वठलेली फांदी दिसताच करवत चालवणाऱ्या या शहरात असल्या बागेचे मोल वेगळे सांगायला नको.

यातील कित्येक झाडे मुळात परदेशी आहेत. कैलासपती दक्षिण अमेरिकेतला, गोरखचिंच आफ्रिकेतली. गोरखचिंचेची फुले रात्री उमलतात आणि तिच्या मायदेशी फळे खाणारी वटवाघळे त्यांचे परागण करतात. इथेही तिच्या शेजारपाजारी आपली देशी वटवाघळे दिवसभर उलटी लटकून भांडत असतात.

पेंग्विनविषयी थोडक्यात सांगतो. पेरू आणि चिली यांच्या किनाऱ्यावरचे हे हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली इथे आणले गेले. थंड ठेवलेल्या दालनात, काचेपलीकडे पाण्याखालून सुसाट जाणारा पेंग्विन पाहून मुले हरखून जातात आणि मोठेही. त्यात वावगे काही नाही, पण रांगेत पुढे सरकत पाहणे म्हणजे पक्षीनिरीक्षण नव्हे. आत चालत फिरता येणारे मोठे पक्षीदालन त्याहून उजवे आहे. नवशिक्याला करकोचा आणि बगळा यांच्या ठेवणीतला फरक हाताच्या अंतरावरून कळतो. अर्थात तिथले पक्षी बंदिस्त असल्याने पाहिलेल्या पक्ष्यांच्या आपल्या यादीत ते कुणी धरू नयेत.

प्रौढांचे तिकीट ५० रुपये आहे, तर आई-वडील आणि दोन लहान मुले मिळून १०० रुपये; एवढ्यात हे सगळे पाहता येते, हे आजच्या मुंबईत स्वस्तच म्हणायचे. पक्षीनिरीक्षकाला अडचणीची एकच गोष्ट, ती म्हणजे वेळ. दार साडेनऊला उघडते, तोवर पाखरांची सकाळची लगबग ओसरू लागलेली असते. म्हणून हिवाळ्यात, कामाच्या दिवशी आणि दार उघडताच जावे. दुर्बीण आठपट मोठे दाखवणारी पुरे. बुधवारी बाग बंद असते, मात्र त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी आल्यास ती उघडी राहते आणि गुरुवारी बंद ठेवली जाते.