पूर्व भागातल्या दवाखान्यात पबमेड, काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या पूर्व भागात माझी जनरल प्रॅक्टिस आहे. पेशंट बहुतेक यंत्रमागावरचे, टॉवेल-चादरीच्या कारखान्यांतले, आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका. गेल्या पावसाळ्यापासून उपचाराचा प्रश्न अडला की दुपारी ओपीडी संपल्यावर पबमेडवर पुरावा शोधायचा, असा नेम ठेवला आहे. माझ्यासारखा एकट्याने दवाखाना चालवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

पबमेड म्हणजे वैद्यकीय शोधनिबंध शोधायचं संकेतस्थळ, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचं. १९९६ पासून चालू आहे, फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. नोंदी, म्हणजे शीर्षक आणि बहुतेक वेळा सारांश. पूर्ण लेख मिळेलच असं नाही. एवढ्या ढिगात नुसतं आजाराचं नाव टाकलं तर हजारोंनी निकाल समोर येतात आणि माणूस कंटाळून बंद करतो. म्हणून पहिल्या दिवसापासून पबमेडमधलीच ‘क्लिनिकल क्वेरीज’ ही निकाल गाळून देणारी सोय वापरा. तिथे उपचार, निदान, कारण, रोगाची पुढची वाटचाल असे प्रकार निवडता येतात, आणि ‘नॅरो’ ठेवलं की उपचाराच्या प्रश्नात मुख्यतः रँडमाइज्ड, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे नशिबावर सोडून गट पाडलेल्या, चाचण्याच उरतात.

एक उदाहरण खोलात जाऊन सांगते. थंडीत सीओपीडीचे, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसत जाणाऱ्या आजाराचे, पेशंट दम वाढून येतात. तोंडावाटे स्टेरॉइड द्यायचं हे ठरलेलं, पण किती दिवस? दहा-दहा, चौदा-चौदा दिवसांच्या चिठ्ठ्या घेऊन आलेले लोक मी नेहमी बघते. त्यातल्या बऱ्याच जणांना मधुमेह असतो, आणि स्टेरॉइड चालू आहे तोवर साखर आवरत नाही. आजार, औषध आणि मुदत एवढे तीनच शब्द टाकले, तर ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकातली २०१३ची ‘रिड्यूस’ चाचणी सापडली. स्वित्झर्लंडमधली. रोज ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोन, एका गटाला ५ दिवस, दुसऱ्याला १४. सहा महिन्यांत पुन्हा दम वाढलेले पहिल्या गटात ३५.९ टक्के, दुसऱ्यात ३६.८. म्हणजे पाच दिवस पुरतात. ‘गोल्ड’ या सीओपीडीवरच्या जागतिक उपक्रमाच्या मार्गदर्शक सूचनाही आता हेच सांगतात.

खरा वाचायचा भाग यानंतरचा. चाचणीत घेतलं कोणाला? किमान २० पॅक-वर्षं, म्हणजे रोज एक पाकीट या हिशेबाने वीस वर्षं, सिगारेट ओढलेल्यांना. माझ्याकडे येणाऱ्या अक्कांनी जन्मात विडी ओढलेली नाही. त्यांनी विड्या वळल्या, चुलीवर स्वयंपाक केला, धूर आणि तंबाखूची धूळ छातीत घेतली. त्यांना हा आकडा लागू करायचा का? म्हणून दुसरा शोध, धूम्रपान न करणाऱ्यांमधला सीओपीडी. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांचा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २००९चा लेख लगेच वर आला. चुलीचा धूर आणि कामावरची धूळ यांनीही हा आजार होतो, हे त्यात नीट मांडलं आहे. स्टेरॉइड किती दिवस द्यावं, याचं उत्तर मात्र त्यात नाही. दोन्ही समोर ठेवून ठरवायचं मलाच होतं. मी पाच दिवसांचीच गोळी देते आणि सहाव्या दिवशी छाती तपासायला बोलावते. “एवढ्याच गोळ्या का ओ मॅडम?” असं विचारणाऱ्या अक्कांना साखरेचं कारण सांगितलं की पटतं.

पबमेडने मला दिलेली सर्वात मोठी गोष्ट हीच. सारांशातला शेवटचा निष्कर्ष वाचून थांबायचं नाही. कोणाला घेतलं, कोणाला वगळलं, हे आधी बघायचं. आपल्या गल्लीतला माणूस त्या चाचणीत होता का, हा प्रश्न दुसरं कोणी आपल्यासाठी विचारत नाही.

स्पेलिंगकडेही लक्ष हवं. विडीवर शोधताना इंग्रजीतली bidi, beedi आणि biri अशी तिन्ही रूपं मध्ये कॅपिटल ‘ऑर’ घालून टाकते. एकच रूप दिलं तर आपल्याच देशातले अभ्यास हातचे निसटतात.

पूर्ण लेखाचं दुखणं मात्र आहेच. पबमेड सेंट्रल या पूर्ण लेखांच्या मोफत संग्रहात असेल तर प्रश्न नाही, नाहीतर प्रकाशक एका लेखाचे एवढे पैसे मागतात की छोट्या दवाखान्याला ते झेपत नाहीत. १ जानेवारी २०२५पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सरकारने संशोधन नियतकालिकं वाचायला खुली करून देणारी चांगली योजना आहे, पण ती सरकारी उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. वस्तीतल्या डॉक्टरला तिथे जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण गरिबाचा पहिला डॉक्टर तोच असतो. तोवर लेखकांना सरळ ईमेल करा. पत्ता बहुतेक वेळा नोंदीतच असतो, आणि बरेच जण आनंदाने लेख पाठवतात.

पबमेडमध्ये आहे म्हणजे अभ्यास दर्जेदार, असं समजू नका. मागे घेतलेल्या लेखांवर तशी ठळक सूचना असते, ती बघा. सारांशाखाली हितसंबंधांचा खुलासा असेल तर तोही वाचा. एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, गुळगुळीत कागदावरचा लेख घेऊन आले की मी आता पीएमआयडी, म्हणजे पबमेडमधल्या नोंदीचा क्रमांक, विचारते आणि त्यांच्यासमोरच फोनवर उघडते. चाचणीचा खर्च कोणी केला हे कळलं की बोलणं मुद्द्यावर येतं.

पेशंट टेबलावर धापा टाकत असताना हे साधन कामाचं नाही, तिथे हाताशी असलेली मार्गदर्शक सूचनाच बरी. निवांत वेळी, एक नेमका प्रश्न कागदावर लिहून बसलात तर मात्र चहा संपेपर्यंत काहीतरी ठोस हाती लागतं. पबमेडला जोडलेल्या ‘माय एनसीबीआय’वर खातं काढून शोध सेव्ह करा, दर आठवड्याला नव्या लेखांची ईमेल येते. माझा एक शोध चुलीचा धूर आणि सीओपीडीचा आहे, दुसरा तंबाखूच्या धुळीचा.