करार तपासणीचं टेम्प्लेट: आठ महिने वापरल्यानंतर

आम्ही तिघं जण करार तपासतो. पूर्वी करार कोणाच्या हाती पडतो, त्यावर त्यातलं काय पकडलं जाणार हे ठरायचं. एकाचं सगळं लक्ष पेमेंटच्या अटींवर, दुसरीचं गोपनीयतेवर, आणि मी लायबिलिटीत, म्हणजे नुकसानभरपाईच्या जबाबदारीत, अडकून बसायचे. म्हणून वर्डमध्ये एक टेम्प्लेट केलं आणि गेले आठ महिने प्रत्येक करार त्यावरूनच तपासतोय.

पहिलं टेम्प्लेट चुकीचं होतं. चाळीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे 'आहे / नाही'. एका सेवा करारात 'लायबिलिटी कॅप आहे का?' यापुढे मी 'आहे' लिहिलं आणि पुढे गेले. कॅप, म्हणजे भरपाईची कमाल मर्यादा, होतीच. पण आठ पानांनंतर इंडेम्निटीच्या (समोरच्याचं नुकसान भरून देण्याच्या हमीच्या) कलमात एक ओळ होती: 'वरील मर्यादा या कलमाला लागू नाही.' म्हणजे आमच्यावरची जबाबदारी अमर्याद. सहीच्या आदल्या दिवशी सहकाऱ्याला ती दिसली, म्हणून वाचलो.

त्यानंतर 'आहे / नाही' काढूनच टाकलं. आता रकाने असे: कलम क्रमांक, करारातले नेमके शब्द, आपली भूमिका, कुठवर मागे यायचं, आणि त्यापलीकडे निर्णय कोणाचा. शब्द उतरवायचे म्हटलं की कलम वाचावंच लागतं. माझ्या मते या टेम्प्लेटचा खरा फायदा एवढ्या एका रकान्यात आहे. लायबिलिटीपुढे आता विचारतो: मर्यादा किती, कशावर मोजलेली, तिच्याबाहेर काय काय? 'कशावर' हे आम्ही आधी सोडूनच द्यायचो. मर्यादा 'भरलेल्या फी'इतकी असेल आणि वाद पहिल्याच महिन्यात झाला, तर हाती जवळपास काहीच येत नाही.

ऑटो-रिन्युअल म्हणजे नोटीस दिली नाही तर करार आपोआप पुढे चालू राहणं. त्यापुढे नुसतं '९० दिवस आधी नोटीस' लिहिलेलं आता चालत नाही. मुदत ३१ डिसेंबरला संपत असेल तर २ ऑक्टोबर ही तारीखच लिहायची आणि लगेच कॅलेंडरला टाकायची.

सगळ्यात शेवटी 'करारात काय नाही' हा भाग. लिहिलेल्या ओळीवर शेरा मारणं सोपं, पण करार संपल्यावर आपला डेटा कसा परत मिळणार याबद्दल मसुद्यात अवाक्षर नसेल तर ते कोण पकडणार?

आणखी एक छोटी गोष्ट. आधी मागच्या तपासणीची फाइल कॉपी करून वापरायचो, त्यात जुने शेरे तसेच राहून जायचे. वर्डच्या टेम्प्लेट फॉरमॅटमध्ये सेव्ह केल्यापासून दरवेळी कोरी फाइल उघडते.

साध्या एनडीएसाठी (गोपनीयतेच्या करारासाठी) मात्र हे जड होतं. त्याला एका पानाचं वेगळं केलंय. परिशिष्टांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मूळ करार आणि परिशिष्ट यांत विसंगती असेल तर कोणतं वरचढ, ही ओळ घातली आहे, पण तांत्रिक परिशिष्टातली विसंगती आम्हाला वाचून कळतेच असं नाही. तेवढ्यासाठी टेक्निकल टीमसोबत बसून त्यांचे प्रश्न लिहून काढायला घेतलेत.