टीडीसीएस मशीन, सात महिने: करंट चांगला, स्पंज वैताग

चवथीच्या आदल्या दिवशी मशीन बंद पडलं, म्हणून हे लिहायला बसलो. टीडीसीएस म्हणजे डोक्याला ओले स्पंज लावून मेंदूला हलका करंट द्यायचा. २ मिलीअँपियर, २० मिनिटं. एक स्पंज डोक्यावर डावीकडे, दुसरा उजव्या भुवईच्या वर. मधुमेह १६ वर्षांचा, पायांची आग ५ वर्षांची. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन गोळी घेतली की सकाळी देवासमोरच पेंगतो, म्हणून डॉक्टरांना विचारून हा खटाटोप.

तक्रार करंटची नाही, स्पंजाची. सलाइनमध्ये कमी भिजला तर लाल दिवा लागून मशीन थांबतं. जास्त भिजला तर खारं पाणी भुवईवरून थेट डोळ्यात. सात महिने बातम्या मी एका डोळ्यानेच बघतोय. जोडी १,२०० रुपयांची, दोन महिन्यांत तिचा पापड होतो. आगरवाड्याच्या मिठागरांशेजारी राहून खाऱ्या पाण्याला पैसे कसले मोजायचे, म्हणून घरीच मीठ कालवलं. तुम्ही करू नका. कपाळावर दोन दिवस लाल चट्टा, वर डॉक्टरांची बोलणी. फार्मसीतली ०.९ टक्क्याची बाटलीच आणा.

पावसात वायरीच्या पिना हिरव्या पडल्या. कंपनीच्या बाई विचारतात, "सर, डिव्हाइस समुद्राजवळ ठेवता का?" अहो, गोव्यात दुसरीकडे कुठे ठेवू? म्हणे नवा सेट घ्या, ४,५०० रुपये. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो, तिथल्या मोबाइलवाल्या पोराने ६० रुपयांत पिना साफ करून दिल्या. डॉक्टरांना दाखवूनच परत लावलं.

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर 'पैसे खाऱ्या पाण्यात' एवढंच लिहिलं असतं. मग एका रात्री सौ. म्हणाली, "अहो, आज चादर पायांवर आहे तुमच्या!" दहापैकी आठवरची आग आता चार-पाचवर असते. मशीन पंधरा दिवस बंद होतं तेव्हा परत सातवर चढली. मनाचा खेळ? असेलही. करंट न सोडता नुसता पट्टा बांधला तरी काहींना बरं वाटतं, हे डॉक्टरांनीच सांगितलंय.

बधिरपणा मात्र जैसे थे. परवा अंगणातल्या चिखलात एक चप्पल रुतून राहिली, मी पडवीत पोचलो तरी पत्ता नाही. नस दुरुस्त होत नाही, साखर उतरत नाही. दुखण्याचा निरोप मेंदूत जरा मंदावतो, इतकंच. गोळ्या आणि रोज तळपाय तपासणं चालूच आहे. फिट येत असेल किंवा डोक्यात धातूची पट्टी असेल तर विकत घेण्याआधी न्यूरोलॉजिस्टला गाठा.

कुणाकडे पाच बाय सात सेंटीमीटरचे न वापरलेले स्पंज पडून असतील तर सांगा, पेडण्याहून न्यायला येतो.