सात महिने वापरलं: इंग्रजी दुरुस्त करणारं ॲप आणि रावेरच्या आधीचा 'द'

काही दिवसांपूर्वी सकाळी चहा घेताना बँकेचा मेसेज आला, 1,450 रुपये वजा. मी तर काही घेतलं नव्हतं. चष्मा लावून पाहिलं, तर इंग्रजी दुरुस्त करणाऱ्या त्या ॲपने सहा महिन्यांचा प्लॅन आपला आपणच पुढे चालू केलेला. एवढ्या पैशात हिवाळ्यात बामणोदची वांगी आणून चार घरांची भरीत पार्टी होते, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसकट. म्हणून हे लिहायला बसलो. ॲपचं नाव लिहीत नाही, पैसे परत यायचेत.

मी जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, केळी धुऊन बॉक्समध्ये भरणाऱ्या एका पॅकहाऊसच्या ऑफिसात बसतो. हिशेब, गाड्यांची नोंद आणि शेठच्या वतीने इंग्रजी मेल, हे माझं काम. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर आमची दहावी होऊन गेली होती. आमची एबीसीडी पाचवीतली. त्यामुळे मेल लिहायला घेतला की पहिलं वाक्य वीस मिनिटं. पुतण्या म्हणाला, "काका, ॲप घ्या, लाल रेघ मारून सांगतं." घेतलं. फुकटच्या प्लॅनमध्ये चूक दिसते, पण बरीचशी दुरुस्ती कुलपात असते. लाल रेघ दाखवायची आणि उत्तर लपवायचं, म्हणजे डॉक्टरने "रोग आहे" म्हणून फाइल बंद करण्यासारखं. चिडून पैसे भरले.

पहिला महिना मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. मी वर्षानुवर्षं "डिस्कस अबाउट द रेट" लिहीत होतो. अबाउट लागतच नाही, डिस्कसच्या पोटातच तो असतो. "आय हॅव सेंट द इन्व्हॉइस यस्टरडे" हेही माझं लाडकं. काल, परवा, मागच्या सोमवारी असा वेळ सांगितला की हॅव काढायचं, "आय सेंट" म्हणायचं. "सिन्स टू इयर्स" चूक, "फॉर टू इयर्स" बरोबर. सिन्सच्या पुढे सुरुवात येते, सिन्स 2019, सिन्स मंडे. शेठ एकदा मेल वाचून म्हणाले, "आता बरं लिहू राह्यला तू." पगार मात्र तोच.

मग रावेर सुरू झालं.

रावेरचं इंग्रजी स्पेलिंग आर-ए-व्ही-ई-आर. स्टेशनच्या पाटीवर तेच, तहसीलच्या शिक्क्यावर तेच. पण हा इंग्रजीत एक शब्दही आहे, 'रेव्हर', म्हणजे रात्रभर कर्कश संगीतावर नाचणाऱ्या पार्ट्यांना जाणारा माणूस. मी मोबाइलवर घाईत सगळं लहान अक्षरांत टाइप करतो. लिहिलं, "ट्रक लेफ्ट रावेर ॲट टेन." ॲपने रावेरखाली रेघ मारली आणि सुचवलं, "द ट्रक लेफ्ट द रेव्हर ॲट टेन." म्हणजे ट्रक त्या नाचणाऱ्याला सोडून दहा वाजता निघून गेला. पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा नाकारलं. मेलमध्ये रावेर दिवसातून बारा वेळा येतं आणि बारा वेळा ते 'द' घेऊन उभं. "ॲड टू डिक्शनरी" दाबून पाहिलं, उपयोग शून्य. कारण ती सोय स्पेलिंगच्या चुकीसाठी. इथे स्पेलिंग बरोबरच आहे, त्याला वाटतंय आर्टिकल राहिलं. शब्द शब्दकोशात आहे म्हणूनच तर पंचाईत!

आता कोणी म्हणेल, एका 'द'साठी एवढं काय. भो, तुमच्या गावाचं नाव नाचणाऱ्या पोराचं झालं असतं तर कळलं असतं.

चौथ्या महिन्यात भाची आली (चोपड्याहून, स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेची तयारी करायला, आमच्याकडे शांतता असते म्हणून). तिने पाच मिनिटांत निदान केलं. "मामा, आर कॅपिटल टाका." टाकला. रावेरचा 'द' गेला. तेव्हा या मुद्द्यावर निम्मी चूक माझी, हे इथे कबूल करतो, नाहीतर खाली कोणीतरी लिहिलंच असतं. विशेषनामाचं पहिलं अक्षर मोठं, हे पाचवीतच शिकवलं होतं. पण उरलेली निम्मी चूक ॲपचीच. कॅपिटल असूनही पारोळ्याला ते सोडत नाही. "अवर ड्रायव्हर इज फ्रॉम पारोला" लिहिलं, तर आधी पारोलाचं 'पॅरोल' केलं, मग व्याकरण तपासून फ्रॉमचं 'ऑन' केलं. "आमचा ड्रायव्हर पॅरोलवर आहे." हे मी न वाचता पाठवलं असतं तर त्या बिचाऱ्याला पुढच्या गेटवर कोणी गाडीसकट आत घेतलं नसतं. यावलचं 'यॉल' करतं, ती शिडाची होडी. यावलमध्ये होडी!

याच्याहून मोठी गंमत फण्यांची. केळीच्या व्यापारात घडाला बंच म्हणतात, फणीला हँड आणि एकेका केळ्याला फिंगर. परराज्यातून आलेल्या मजुरांसाठी आणि पाहणीला येणाऱ्या पार्टीसाठी शेठने इंग्रजी सूचना लावायला सांगितली. मी लिहिलं, "कट हँड्स केअरफुली." फण्या जपून कापा. ॲप म्हणालं, नाम मोकळं आहे, आधी काहीतरी हवं. सुचवलं, "कट युअर हँड्स केअरफुली." मी हिरवी खूण बघितली आणि प्रिंट काढली. आठ दिवस ती सूचना धुण्याच्या हौदावर होती, तुमचे हात जपून कापा. कोणी कापले नाहीत, कारण कोणी वाचलीच नव्हती. पाहणीला आलेल्या बाईंनी वाचली.

भाचीकडे वळतो, कारण त्या ॲपचा खरा उपयोग तिने करून घेतला. तिच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, आणि चुकलं की अर्धा गुण वजा. त्यात "चूक शोधा" हा प्रकार असतो. वाक्याचे तुकडे पाडलेले, कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं, आणि शेवटचा पर्याय "नो एरर". ती आधी स्वतः उत्तर लिहायची, मग वाक्य ॲपमध्ये टाकायची. "नो सूनर डिड वुई रीच द स्टेशन व्हेन द ट्रेन लेफ्ट." नो सूनरच्या मागे दॅन येतो, व्हेन येतो तो हार्डलीच्या मागे. ॲपने पकडलं. "ही इज सीनियर दॅन मी." सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, हे लॅटिनमधून आलेले, त्यांना दॅन चालत नाही, टू लागतो. तेही पकडलं. "द क्वालिटी ऑफ द बनानाज आर गुड" यात क्रियापद शेजारच्या बनानाजला पाहून फसतं. कर्ता क्वालिटी आहे, म्हणून इज. तेही.

पण "नो एरर"चं वाक्य टाकलं की ॲपची पंचाईत. अगदी स्वच्छ वाक्याला ते म्हणतं, इथे आणखी जोरदार शब्द वापरा, इथे वाक्य लहान करा, इथे स्वल्पविराम द्या. गप्प बसणं त्याला ठाऊक नाही. भाची म्हणाली, "मामा, याच्या भरवशावर बसले तर मी नो एरर कधीच निवडणार नाही." अर्ध्या गुणाची किंमत तिला कळते.

तिनेच मग एक कागद केला. ॲप चूक कुठे ते सांगतं, पण ती चूक आपण का करतो, हे त्याला कुठून माहीत असणार? ते तिकडच्या इंग्रजीवर वाढलंय. तिने माझे तीन महिन्यांचे जुने मेल काढले आणि प्रत्येक चुकीसमोर मराठी वाक्य लिहिलं. वाचताना मला लाज वाटली आणि मजाही. "रेटविषयी चर्चा" म्हणतो म्हणून डिस्कस अबाउट. "काल पाठवलं आहे" हे मराठीत चालतं, म्हणून हॅव सेंट यस्टरडे. "माझ्यापेक्षा सीनियर" म्हणून दॅन. "जरी पाऊस होता तरी गाडी निघाली" म्हणून ऑल्दोच्या मागे बट. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचा. सल्ल्याचं सल्ले होतं म्हणून ॲडव्हाइसेस. इथे मी तिला अडवलं, कारण माहितीचं अनेकवचन तर आपणही करत नाही, मग मी इन्फर्मेशन्स का लिहितो? ती म्हणाली, "ती तुमची स्वतःची चूक, मराठीवर ढकलू नका."

सगळ्यात भारी निघाला तो 'आयएनजी'. आमच्याकडे सगळंच चालू असतं. जाऊ राह्यला, करू राह्यला, समजू राह्यलं. म्हणून "आय ॲम अंडरस्टँडिंग युअर प्रॉब्लेम", "ही इज नोइंग द रूट", "वुई आर हॅविंग टू ट्रक्स". इंग्रजीत माहीत असणं, समजणं, जवळ असणं ही स्थिती, तिला सहसा चालू काळ लावत नाहीत. आय अंडरस्टँड, ही नोज, वुई हॅव. कागद होईपर्यंत ॲप हे रोज दुरुस्त करत होतं आणि मी रोज तीच चूक करत होतो, कारण बोट लावलं की ती आपोआप बरोबर व्हायची, डोक्यात काही शिरतच नव्हतं. कागद भिंतीवर लागल्यापासून "राह्यला" मनात आला की हात थांबतो.

तरी मेच्या मध्यापर्यंत मी या ॲपला पाचपैकी चार दिले असते. मग वाशीची गाडी झाली.

वाशीच्या त्या गोदामाचा मॅनेजर दक्षिणेकडचा, मराठी येत नाही, हिंदी तुटकी, म्हणून सगळं इंग्रजीत. मी मेल टाकला, "द ट्रक विल बी ॲट युअर गेट टिल 6 ए.एम." मला म्हणायचं होतं, गाडी सहापर्यंत येईल. ॲपने सगळं हिरवं दिलं, वर "टोन: आत्मविश्वासपूर्ण" असं बक्षीसही. त्या माणसाने वाचलं ते असं: गाडी आलेली असेल आणि सहापर्यंत गेटवर थांबेल. तो चारला हमाल घेऊन उभा. गाडी नाही. पाचपर्यंत वाट पाहिली, हमाल परत पाठवले. आमची गाडी पावणेसहाला पोचली, माझ्या हिशेबाने वेळेआधी. उतरवायला माणसं दुपारी मिळाली. मेमधली दुपार, साधी गाडी, थंड डबा नाही. माल चढला, म्हणजे जास्त पिकला, आणि बॉक्समागे रेट कापला.

आपल्या 'पर्यंत'मध्ये दोन अर्थ आहेत. "सहापर्यंत ये" आणि "सहापर्यंत थांब". मराठीत क्रियापद सांगतं कोणता ते. इंग्रजीत शब्दच दोन आहेत. अमुक वेळेच्या आत एकदा घडायचं असेल तर बाय, त्या वेळेपर्यंत चालू राहायचं असेल तर टिल किंवा अनटिल. "द ट्रक विल रीच बाय सिक्स" लिहायला हवं होतं. माझं वाक्य व्याकरणाने शंभर टक्के बरोबर होतं, फक्त ते दुसऱ्याच गाडीबद्दल होतं. याचा दोष ॲपला द्यायचा की नाही, यावर भाचीचं आणि माझं एकमत नाही. ती म्हणते, त्याला तुमच्या मनातलं कसं कळणार. मी म्हणतो, मग आत्मविश्वासपूर्ण कशाला म्हणायचं? शेठला यातलं काही सांगितलं नाही, ड्रायव्हरला ट्रॅफिक लागला असं सांगितलं. तो पारोळ्याचाच ड्रायव्हर, दोनदा बदनाम झाला.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी आपोआप कापली जाणारी रक्कम कापण्याआधी किमान 24 तास कळवावं लागतं. 1 ऑक्टोबर 2021 पासून ते लागू आहे. मेसेज आला होता का? आला होता. आदल्या दिवशी तीन गाड्या भरायच्या होत्या, पाहिला नाही. इथेही निम्मी चूक माझी, चला. पण मी त्याच सकाळी बँकेच्या ॲपमधून ती परवानगी रद्द केली आणि पैसे परत मागितले, वापर शून्य दिवसांचा.

त्यांच्या कस्टमर केअरचं उत्तर आलं. "वुई हॅव रिसीव्ह्ड युअर मेल यस्टरडे. द कन्सर्न्ड टीम विल रिव्हर्ट बॅक टू यू." मी ते उचलून त्यांच्याच ॲपमध्ये टाकलं. दोन लाल रेघा. हॅव आणि यस्टरडे एकत्र नको, रिव्हर्टच्या मागे बॅक नको. (रिव्हर्ट म्हणजे मुळात पूर्वस्थितीला जाणं. उत्तर देणं हा अर्थ आपल्याकडच्या ऑफिसांत रुळला. पण ते जाऊ द्या, वेळ अलीकडे आणणं या अर्थाचा प्रीपोनही आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे.) स्क्रीनशॉट काढून त्यांनाच पाठवला. दोन दिवस शांतता.

सध्या फुकटच्या प्लॅनवर आहे. लाल रेघ दिसली की उत्तर भिंतीवरच्या कागदात शोधतो, बहुतेक वेळा सापडतं. ज्यांना रोज दहा मेल लिहायचेत आणि गावाचं नाव मुंबई किंवा पुणे आहे, त्यांनी खुशाल घ्यावं. परीक्षेवाल्यांनी आधी स्वतः उत्तर लिहून मगच बघावं. पाचपैकी अडीच; रावेरचा अर्धा कापलाय, नाहीतर तीन होते.

आज दुपारी त्यांचा मेल आला. "युअर रिफंड विल बी इन युअर अकाउंट टिल फ्रायडे." मी भाचीला दाखवला. ती म्हणाली, "मामा, शुक्रवारी रात्री लगेच काढून घ्या, शनिवारी जाईल."