ओपन बॅक हेडफोन, श्रावणातला रविवार आणि कुकरच्या शिट्ट्या

आधीच सांगते, हा रिव्ह्यू हेडफोनचा आहे पण निम्मा आमच्या घराचा पण होणारे, त्याला इलाज नाही. सेनहायझरचा एचडी ५६० एस घेतला. हा ओपन बॅक प्रकार, म्हणजे कानावरच्या वाट्यांना मागून जाळी असते, आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. दुकानातल्या पोराने तीनदा विचारलं, मॅडम नक्की ना, यात नॉइज कॅन्सलेशन, म्हणजे बाहेरचा आवाज मारायची सोय, नाहीये हां. मी म्हटलं नकोच आहे मला. (खरं तर तेव्हा मलाही एवढं काही कळत नव्हतं, यूट्यूब बघून गेले होते आणि मागे फिरायची लाज वाटली.)

तर श्रावणातला रविवार, सकाळपासून रिपरिप, कुणाच्या घरी जायचं नाही, कुणी येणार नाही. ठरवलं की दोन वर्षं "नंतर ऐकू" म्हणून जे जे सेव्ह करून ठेवलंय ते आज काढायचं. म्हणजे ज्याला चाल नाही, ताल नाही, शब्द नाहीत, आणि घरात लावलं की कुणीतरी येऊन विचारतं की बंद पडलंय का, असलं सगळं.

सुरुवातच रडारड. याची वायर तीन मीटर लांब आणि पिन जाडी, अ‍ॅम्प्लिफायरला लावायची असते तसली. छोट्या पिनेचा अडॅप्टर बॉक्समध्ये येतो, माझ्या बॉक्समध्ये नव्हता. दुकानात फोन केला तर "कंपनीला मेल करा." पाच आकडी बिल करताना कंपनी कुठे होती मधे? दुकानाचं नाव लिहीत नाही, पण घेताना बॉक्स तिथेच उघडून बघा. शेवटी शेजारच्या मुलाच्या कीबोर्डचा अडॅप्टर आणला, फोनला जॅक नाही म्हणून त्यापुढे डोंगल, अशी सगळी वरात लावून एकदाचं ऐकायला बसले. १२० ओहमचा आहे (म्हणजे वाजवायला जोर जास्त लागतो) म्हणून फोनवर वाजेल का ही भीती होती पण वाजतो, आवाज तीन चतुर्थांशवर ठेवावा लागतो इतकंच. वजन २४० ग्रॅम, जाणवत नाही. पहिले दोन दिवस मात्र नव्या चपलेसारखा आवळतो.

पहिल्यांदा लावलं एलियान रादिग. फ्रेंच बाई, एआरपी २५०० नावाच्या सिंथेसायझरवर (विजेवर सूर तयार करणारं यंत्र) वर्षानुवर्षं काम केलं, आणि एकेक तुकडा इतका सावकाश की दहा मिनिटांनी लक्षात येतं अरे हा मघाचा आवाज नाहीये, पण बदलला कधी ते काही पकडता येत नाही. मी डोळे मिटून बसलेय आणि पाचव्या मिनिटाला आई स्वयंपाकघरातून फ्रिजपाशी आली, दार उघडलं, लावलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हा परत घूं घूं करायला लागला गं." फ्रिज नव्हता, माझा हेडफोन होता! म्हणजे आतलं बाहेर जातं हे लोक लिहितात ते किती जातं याचा अंदाज घ्या. शेजारी कुणी झोपलं असेल, वन बीएचके असेल, ऑफिसात किंवा बसमध्ये ऐकायचं असेल तर हा घेऊ नका, शिव्या खाल.

मग बाबांनी मागितला. बाबा सवाईला वर्षानुवर्षं भारतीय बैठकीत बसणारे, त्यांना असलं काही ऐकवायचं म्हणजे परीक्षाच. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "तंबोरा लावतीये ते ठीक, गाणार कधी?" मी म्हटलं नाही गाणार, एवढंच आहे. परत घालून बसले, आणि चक्क पंधरा मिनिटं काढलाच नाही. काढल्यावर म्हणाले, "गंधार ऐकू येतोय की." म्हणजे कसं, तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. खालच्या स्वराच्या पाचपट कंपनांचा तो सूर, त्या तारेतच असतो, फक्त ऐकणाऱ्याला सापडावा लागतो. या हेडफोनचं मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे हे सूर तो एकमेकांपासून सुटे ठेवतो, गिचमिड होत नाही. खालचा ढुमढुम बेस मात्र बेताचा, लग्नातल्या डीजेची सवय असेल तर पाणचट वाटेल.

दुपारी ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराचं एक लावलं आणि नेमक्या कुकरच्या शिट्ट्या. पहिल्या शिट्टीला चिडले, दुसरीला वाटलं ही रेकॉर्डिंगमध्येच आहे, तिसरीची वाट बघत होते. आणि गंमत म्हणजे या माणसाचं हे असलं संगीत सुरू झालं तेच अशा घोळातून. १९७५ साली अपघात होऊन अंथरुणावर पडला होता, एका मैत्रिणीने आणलेली हार्पची रेकॉर्ड लावली, आवाज फार बारीक, एक स्पीकर बंद, उठून नीट करायची ताकद नाही, मग बाहेरच्या पावसासकट तसंच ऐकत पडला. नॉइज कॅन्सलेशन असतं तर? मी उगाच म्हणतेय असं नाही, या जातीच्या म्युझिकला बाहेरचं आत आलेलं चालतं, उलट हवंच असतं.

जॉन केज या अमेरिकन संगीतकाराचा तो न वाजवायचा तुकडा तर सगळ्यांना ऐकून माहिती असतो, चार मिनिटं तेहतीस सेकंद पियानोवाला बसून राहतो. पण तो पहिल्यांदा २९ ऑगस्ट १९५२ ला झाला तो वुडस्टॉकजवळचा हॉल मागून जंगलाकडे उघडा होता हे मला आत्ता कळलं, त्यामुळे लोकांना झाडांतला वारा, मग छपरावरचा पाऊस, आणि शेवटी चिडून उठून जाणारे लोक असं सगळं ऐकू आलं. म्हणजे हॉलच ओपन बॅक! त्याच केजला १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आपलं भारतीय संगीत शिकवलं अहमदाबादच्या गीता साराभाईंनी, आणि त्या दिवशी पियानोसमोर बसलेला डेव्हिड ट्यूडर १९६९ ला अहमदाबादला एनआयडीत (डिझाइन शिकवणारी संस्था) येऊन मूग सिंथेसायझर लावून देऊन गेला. तिथे त्यावर आपल्या लोकांनी १९७२ पर्यंत केलेल्या टेप्स कपाटात पडून होत्या, त्या २०२३ मध्ये अल्बम म्हणून आल्या. त्यात गीताबेनही आहेत. ऐकताना अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे अजून लोक म्हणतात की ही सगळी परदेशी थेरं.

जेवून मग टॅबवर चित्रकार वासुदेव गायतोंडे काढले. नागपूरला १९२४ चा जन्म, २०१४ ला न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममध्ये मोठं प्रदर्शन झालं. रोलरने आणि सुरीने रंग चढवायचा, परत काढायचा, परत चढवायचा. कानात ड्रोन (एकच लांबवलेला सूर) आणि डोळ्यासमोर ते पिवळं चित्र, छान जमतं असं वाटलं होतं, पण टॅबवर सगळं सपाट होतं, थरावरचा थर दिसतच नाही. झूम केलं की नुसते पिक्सेल. संगीत हेडफोनमधून घरी येतं, चित्र येत नाही, हे कबूल करून अर्धा तास झोपले. उठताना वायर पायात अडकली, चहा सांडला, चूक माझीच, पण तीन मीटर वायर घरात कशाला लागते हे मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराचं ड्रमिंग लावलं, १९७१ चं, घानाला जाऊन आल्यावर केलेलं. दोघे वादक एकच ठेका वाजवतात आणि एक जण हळूच पुढे सरकतो, मधे सगळं विस्कटतं, मग एक मात्रा पुढे जाऊन परत घट्ट बसतं. ते विस्कटणं सुरू झालं आणि मला वाटलं काय रेकॉर्डिंग आहे, आवाज थेट नदीकडून येतोय. येतच होता. नदीवरच्या म्हात्रे पुलाजवळ ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली होती, एक अलीकडे, एक पलीकडच्या काठावर, दोघांची लय एकच आणि आमच्या गॅलरीत पोचेपर्यंत पाव मात्रा मागेपुढे. त्यापुढे हेडफोनचं काय चालणार, पॉज केला. तसाच डोक्यावर ठेवून गॅलरीकडे गेले तर वायर बरोब्बर दारापर्यंत पुरली. बाबा आधीच तिथे उभे, कठड्यावर बोटाने मात्रा मोजत, मला खुणेनेच गप्प केलं.

पाचपैकी चार. एक अडॅप्टरचा कापला.

आतून आई ओरडली, "अगं किती मोठ्याने लावलंयस, कमी कर तो आवाज!"