क्रो कंट्री: पाच-सहा तासांचा गेम, पण जुन्या हॉररची नस बरोबर पकडलीय

पहिला रेसिडेंट एव्हिल किंवा पहिला सायलेंट हिल हे नव्वदच्या दशकातले हॉरर गेम ज्यांनी जीव मुठीत धरून खेळलाय त्यांनी क्रो कंट्री घ्याच, बाकीचं सगळं नंतर वाचा. 2024 च्या मे महिन्यात आलेला गेम आहे, एसएफबी गेम्स नावाच्या छोट्या स्टुडिओने केलाय, स्निपरक्लिप्स आणि टँगल टॉवर वाले हेच. त्या गोड गोड गेम्सनंतर हे लोक असलं काही बनवतील असं अजिबात वाटलं नव्हतं.

स्टोरी थोडक्यात सांगतो, जास्त सांगितली तर मजा जाईल. साल 1990, अमेरिकेतल्या अटलांटाजवळचं एक अम्यूझमेंट पार्क, दोन वर्षांपूर्वी बंद पडलेलं. मालक एडवर्ड क्रो गायब आहे आणि मारा फॉरेस्ट नावाची मुलगी त्याला शोधायला एकटी येते. आत परीकथांचा भाग, समुद्राचा भाग, भुताटकीचा भाग असे सेक्शन आहेत आणि सगळीकडे ते कावळ्याचे हसरे पुतळे. कर्मचाऱ्यांच्या नोट्स वाचत वाचत कळत जातं की इथे काय चाललं होतं, आणि शेवटी जे कळतं ना, ते ऐकून खरंच वाईट वाटतं, नुसती भीती नाही.

आता मुद्द्याचं. जुन्या सिरीजची कॉपी करणारे इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र स्टुडिओंचे, गेम्स भरपूर आहेत, पण बहुतेक जण वरवरचं उचलतात, म्हणजे तुटके तुटके पिक्सेल, दार उघडतानाचं अ‍ॅनिमेशन, चालायला जड कंट्रोल, झालं. पण 1996 च्या पहिल्या रेसिडेंट एव्हिलमधल्या त्या बंगल्यात खरी भीती कुठून यायची? तर तो बंगला हळूहळू पाठ व्हायचा, कुठल्या दाराला कुठली चावी, कुठल्या पॅसेजमध्ये झोंबी जिवंत सोडलाय, हे सगळं डोक्यात ठेवून तुम्ही ठरवायचात की इथून जायचं की वळसा मारायचा. क्रो कंट्रीने नेमकं तेच घेतलंय. पार्क लहान आहे, थोड्या वेळात नकाशा डोक्यात बसतो, आता इथे काही नाही म्हणून निवांत पळायला लागता, आणि गेम पुढे सरकतो तसे त्याच ओळखीच्या रस्त्यांवर नवीन राक्षस आणि जमिनीवर सापळे दिसायला लागतात. पाठ झालेल्या जागेवरचाच विश्वास उडतो. हे इतकं हुशारीने केलंय की मला डिझाइन करणाऱ्याला भेटून शाबासकी द्यावीशी वाटली.

आणि काय सोडायचं हेही त्यांना कळलंय. जुन्या रेसिडेंट एव्हिलमध्ये जिल आणि क्रिस या दोन पात्रांपैकी जिलला आठ आणि क्रिसला सहाच वस्तू उचलता यायच्या, मग सारखं सामान ठेवायच्या पेटीपर्यंत ये-जा. इथे ती कटकट नाही, चावी उचलली की जवळच राहते. सेव्ह करायला टाइपरायटर आणि मोजक्या रिबिनी लागत नाहीत, जिथे आग पेटलेली दिसेल तिथे सेव्ह. याने टेन्शन कमी होईल असं वाटतं, पण झालं उलट, सगळं लक्ष जागेवर आणि कोड्यांवर राहतं.

कॅमेऱ्याबद्दल थोडं बोलायलाच हवं. जुन्या रेसिडेंट एव्हिलमध्ये मागचं दृश्य आधीच बनवलेलं चित्र असायचं म्हणून कॅमेरा हलायचा नाही, आणि फ्रेमच्या बाहेरून नुसता आवाज यायचा. इथे सगळं खरं थ्रीडी आहे, वरून खेळण्यातल्या घरात डोकावल्यासारखं दिसतं आणि कॅमेरा गोल फिरवता येतो. पण फिरवला तरी एक कोपरा झाकलेला राहतोच. बंदूक रोखली की मारा जागच्या जागी उभी राहते, तुम्ही फक्त नेम हलवायचा, आणि समोरून ते लांबलचक हातापायांचं काहीतरी लडबडत जवळ येतंय, डोक्याला नेम धरावा तर ते हलतंय, पायाला मारावं तर गोळ्या वाया जातात, आणि तेवढ्यात मागून कण्हल्याचा आवाज. त्या क्षणी नेम सोडून पळायचं की अजून एक गोळी मारायची, हा निर्णय घेताना हाताला घाम येतो.

कोडी मला प्रचंड आवडली. ओढूनताणून अवघड केलेली नाहीत, नोट नीट वाचली, भिंतीवरचं चित्र नीट पाहिलं की सुटतात. वही-पेन जवळ ठेवा. अडलातच तर भविष्य सांगणारं कावळ्याचं मशीन आहे, ते हिंट देतं, पण हिंट मोजक्याच असल्यामुळे उगाच वापरवत नाहीत.

काय खटकलं? गोळ्या. नेहमीच्या मोडवर नीट शोधत फिरलात तर गोळ्या आणि मेडकिट इतके साठतात की शेवटच्या तासाभरात धाकच राहत नाही, बॉस म्हणजे मोठे राक्षसही पटकन पडतात. जुने खेळाडू असाल तर नंतर अपडेटमध्ये आलेला कठीण मोड घ्या, माझ्या मते गेमचा खरा तोल तिथेच आहे. उलट ज्यांना भीती झेपत नाही पण स्टोरी आणि कोडी हवीत, त्यांच्यासाठी एक्सप्लोरेशन मोड आहे, त्यात कोणी हल्ला करत नाही, हा पर्याय दिला हे फार चांगलं केलं.

म्युझिकही जबरदस्त, सेव्ह रूममधली ती शांत धून ऐकत मी उगाच थांबून राहायचो. हेडफोन लावूनच खेळा, राक्षस दिसायच्या आधी ऐकू येतात. आणि एकदा संपला म्हणून अनइन्स्टॉल करू नका, शेवटी रँक मिळते, पार्कभर लपवलेली सिक्रेट्स आहेत, आणि स्टोरी माहीत झाल्यावर सुरुवातीच्या नोट्स परत वाचल्या की त्यांचा अर्थच बदलतो. पीसी, प्लेस्टेशन 5, एक्सबॉक्स आणि स्विच सगळीकडे आहे, जमलं तर कंट्रोलरवर खेळा, नेम धरायला सोपं जातं.